माप कशाचे धरावे?



वाचक माउली, साठी उलटली की वजनाविषयी दोन बोलणी कानावर येतात. कोणी म्हणतो, "वीस वर्षांत काटा हलला नाही, मी ठणठणीत आहे." कोणी म्हणतो, "पाणी प्यायले तरी अंगाला लागते, वयच झाले." ही दोन्ही बोलणी तपासून घ्यावीत, कारण त्यांच्या भरवशावर पुष्कळ जण फसतात.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, कर्म, झोप सारे युक्त असावे. त्या ठिकाणी निरूपण करताना माउलींनी मापाची भाषा योजली आहे. आता आपल्यापुढे प्रश्न एवढाच की, म्हातारपणी हे माप कशाचे धरायचे?

आधी वयाचे पाहू. शरीर अन्नाची ऊर्जा ज्या गतीने खर्च करते त्याला चयापचय म्हणतात. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांची मोजणी करून शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले की, अंगाच्या मानाने पाहिल्यास ही गती विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ सारखीच राहते. साठीनंतर ती दर वर्षी सुमारे ०.७ टक्के उतरते. म्हणजे पन्नाशीत सुटलेल्या पोटाचे खापर वयावर फोडता येत नाही. सत्तरीनंतर मात्र ताट थोडे आटोपते घ्यावे लागते, हे खरे.

आता काट्याचे पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसे काट्यावर बारीक दिसतात, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. ही चरबी पोटात साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. म्हातारपणी यात भर पडते. मांड्या, पोटऱ्या झिजत जातात, पोट पुढे येते आणि बेरीज तीच राहिल्याने काटा हलत नाही.

आमच्या माणिकपुरात वाड्या होत्या तोवर म्हातारा माणूसही शिंपण करी, केळीचे घड वाही. आज तोच माणूस चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टने उतरतो. आम्हां कीर्तनकारांचेही तेच. दोन-दोन तास उभे राहून कीर्तन, मागे टाळकऱ्यांची पावली, त्यात अंग घामाघूम होई. गळा थकला की कीर्तन थांबते, पण पंगतीची भूक थांबत नाही. आमच्या मंडळींतील एका टाळकऱ्याचे वजन वर्षानुवर्षे तेच होते. एके दिवशी भजन संपल्यावर त्यांना सतरंजीवरून उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभे केले. दुखणे काही नव्हते, पायांत बळच उरले नव्हते.

म्हणून काट्याच्या जोडीला दोन मापे धरा. पहिले कमरेचे. शिंप्याची फीत घ्या, श्वास सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. दुसरे माप पायांचे. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला निदान बारा आणि स्त्रीला दहा वेळा जमले पाहिजे. कोणाला तरी शेजारी उभे करूनच हे करा. कमी भरले तर हीच उठबस रोज थोडी थोडी वाढवा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ती वाटचाल पुण्याची खरीच, पण वर्षातले वीस दिवस चालून उरलेल्या दिवसांची झीज भरून निघत नाही.

आता एकादशी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यालाच उद्देशून आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाची सफर १४९२ सालची, आणि माउलींनी समाधी घेतली १२९६ मध्ये. तेव्हा माउलींच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात स्नायूंना लागणारे प्रथिन नावालाही नाही. उपवास हलका करायचा तर दूध, ताक, दही, एखादे फळ, मूठभर शेंगदाणे एवढ्यावर भागते. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज निर्जळ, निराहार राहू नये. साखर एकदम उतरून घेरी येते.

इतर दिवशी भात-भाकरी थोडी कमी करून डाळ, उसळ वाढवा. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिन लागते. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. पेलाभर दुधातून सात-आठ ग्रॅम मिळते, वाटीभर घट्ट उसळीतूनही तेवढेच. माळकऱ्याने हा हिशेब रोज ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक. म्हातारपणी आपोआप बारीक झालो म्हणून आनंद मानू नका. काही न करता सहा महिने-वर्षभरात साठ किलोतले तीन किलो गेले, तर लगेच तपासणी करा. मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, हे वचन इथेही लागू पडते.

पुढच्या एकादशीला भजनाआधी मंडळींनी एकमेकांची ही दोन मापे घ्यावीत आणि वहीत तारीख घालून लिहावीत. तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावीत. देवापुढे साष्टांग घातल्यावर आपल्या पायांनी उठता येईल एवढे बळ राहावे, इतकेच पांडुरंगाकडे मागणे आहे.