दिवसा झोपणाऱ्यांचाही हिशेब व्हावा

25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली, तेव्हापासून आमच्या लोधिवलीत एकच विचारणा चालू आहे. तिथे पोरांना काम लागेल का? सामान चढवणे, सफाई, पहारा, काहीही चालेल. विचारणा रास्तच आहे. पण माझ्या मनात आवाजाचाही प्रश्न आहे. माझा मुलगा पाताळगंगा एमआयडीसीत रात्रपाळी करतो. सकाळी येतो, चार घास खातो आणि पत्र्याखाली झोपतो.

विमानाचा आवाज काय असतो ते मी ताईकडे पाहिले आहे. ती कुर्ल्याला जरीमरीत राहते. तिथे विमान आले की बोलणारा माणूस वाक्य अर्धे ठेवून थांबतो आणि विमान गेले की तिथूनच पुढे बोलतो. "सवय झाली गं," ताई म्हणते. तान्ह्या लेकराला कुठली सवय?

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. तरी 2018 च्या डिसेंबरात तिथे एका दिवसात 1,000 हून अधिक विमानांची ये-जा झाली. अशा गर्दीत जादा विमाने सोडायची कशी? मोठ्या विमानामागे हवेत वावटळ राहते. त्यात लहान विमान सापडले तर उलटू शकते, म्हणून त्याला 2 मिनिटे थांबवतात. इथे घाई नकोच.

विमाने बरोबरीची असली तर मात्र एक युक्ती आहे. पहिले उडताच एका बाजूला वळवायचे, दुसरे दुसऱ्या बाजूला. दोन्ही वाटांत 45 अंशांचा फरक असला तर मिनिटाभरात दुसरे सोडता येते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. धावपट्टी तीच, विमाने जास्त. पण त्या वळणाखाली नवी गावे येतात! सगळी विमाने एकाच ठरीव वाटेने नेली तर थोड्या लोकांना त्रास होतो, पण रोज त्याच लोकांना. नवी मुंबईच्या पश्चिमेला उलव्यापलीकडे समुद्र आहे. पूर्वेला पनवेल, मग माथेरानचा डोंगर आणि पायथ्याच्या वाड्या-वस्त्या. पाण्यावरून न्यावीत म्हणणे सोपे आहे, पण विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वारा काही एका दिशेचा नसतो.

आता कायदा पाहा. 2018 साली केंद्र सरकारने विमानतळांसाठी आवाजाची मर्यादा ठरवली. वर्षाला 50,000 हून जास्त विमानांची ये-जा असेल तिथे दिवसा 70 डेसिबल, रात्री 65. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. म्हणजे माझ्या मुलाची झोप कायद्याच्या दिवसात मोडते. शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. एका विमानाने दचकून जागा झालेला माणूस सरासरीत दिसत नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. पश्चिमेचा वारा असला की उतरायची धावपट्टी दुपारी 3 वाजता बदलतात. त्यामुळे एकेका वाटेखालच्या लोकांना अर्धा दिवस उसंत मिळते, आणि कोणती अर्धी वेळ ते आधीच कळते. हे मला फार पटले. कारखान्यात पाळ्या बदलतात, मग आवाजाच्या का बदलू नयेत? नवी मुंबईतही दुसरी समांतर धावपट्टी आराखड्यात आहे. तिच्या वाटा आखताना नकाशा मराठीत ग्रामपंचायतीत लावावा, कोणत्या तासाला कुठून किती विमाने जाणार ते लिहावे आणि रात्रपाळीची माणसे किती, हेही विचारावे.

शेजारच्या काकूंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तू विमाने थांबवणार की काय?" थांबवायची कोणाला आहेत? माझ्या धाकट्या मुलीने तिथल्याच भरतीचा अर्ज भरला आहे.