खडक आणि पुळण

द्वितीय वर्ष, कला

'स्थिर होणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. मुलगा नोकरीला लागला की तो स्थिर झाला. मुलीचे लग्न झाले की ती स्थिर झाली. कौले जाऊन स्लॅब आला की सारे घरच स्थिर झाले, असे आपण धरून चालतो. पण नोकरी सुटते, संसार विस्कटतो आणि स्लॅबही चार पावसाळ्यांत गळू लागतो. मग ज्याला आपण स्थैर्य म्हणत होतो, ते नेमके कशावर उभे होते? महाविद्यालयात आल्यापासून हा प्रश्न मला वारंवार पडू लागला आहे. मी ख्रिस्ती कुटुंबातली असल्यामुळे त्याचे उत्तर मी माझ्या वाटेने शोधणार, हे उघड आहे. प्रश्न मात्र सर्वांचाच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. पहिले घर टिकले, दुसरे कोसळले. चर्चमध्ये हा दृष्टान्त लहानपणापासून ऐकलेला. त्यामुळे तो पाठ झाला होता, पण कळला होता असे नाही. पुढे शांतपणे वाचला तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी, की वचन दोघांनीही ऐकले होते. एक भाविक आणि दुसरा नास्तिक, अशी ती गोष्टच नाही. फरक इतकाच, की एकाने ऐकलेले आचरणात आणले आणि दुसऱ्याने नुसते ऐकले. दुसरी गोष्ट अशी, की वादळ दोघांवरही आले. श्रद्धावंताच्या घरावरून वारा वळसा घालून गेला, असे येशूने कोठेही म्हटलेले नाही.

आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना या दृष्टान्ताचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. पुळणीवर घर कोणी बांधत नाही. उधाणाच्या भरतीला आज येथे असलेली वाळू उद्या तेथे जाते, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. माझे वडील गवंडीकाम करतात. पाया खणताना कठीण लागेपर्यंत ते थांबत नाहीत. घरमालक कुरकुरतो, कारण पायात घातलेला पैसा कोणाला दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानात हाच दृष्टान्त येतो. तेथे घर बांधणारा खोल खणतो, असे आहे. बाबांना वाचता येत नाही. मी त्यांना तो भाग वाचून दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ज्याने हे सांगितले त्याला कामाची माहिती होती." येशूचे घर सुताराचे होते, हे आठवून मला हसू आले.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा भर दुपारी घोंगावत होता. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या पोफळी उभ्या करायला दोन पिढ्या लागल्या, त्या दोन तासांत गेल्या. टाळेबंदीचे दिवस होते. चर्चची दारे बंद, शाळा बंद, मजुरी बंद, आणि आता डोक्यावरचे पत्रेही उडालेले. त्या दिवसांत घरात रोज संध्याकाळी जपमाळ होई. ती नेहमीच होत असे. पण नेहमीची गोष्ट न चुकता होते यातही एक आधार असतो, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

मात्र मला सांगायचे आहे ते जपमाळेबद्दल नाही. पुढे नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. पूर्ण पडलेल्या घराला मिळणारी मदत आणि अंशतः पडलेल्या घराला मिळणारी मदत यांत मोठा फरक होता. आमच्या घराचे छप्पर गेले होते, मागची एक भिंत गेली होती. बाकी घर उभे होते. एका गृहस्थांनी बाबांना सुचवले, "आणखी एक भिंत पाडून ठेवा. तपासायला कोण बसले आहे?" सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "भिंत मीच बांधलेली आहे. ती पडलेली नाही." मदत अंशतः नुकसानीची मिळाली. छप्पर पुरते घालायला पुढे दोन वर्षे लागली आणि त्या दोन्ही पावसाळ्यांत आम्ही ताडपत्रीखाली राहिलो. आईने याबद्दल त्यांना बोल लावला नाही असे नाही. पावसाचे पाणी चुलीत आले त्या रात्री तिने पुष्कळ बोल लावले. बाबांनी तेही ऐकून घेतले.

मी तेव्हा लहान होते. आज मला वाटते, की श्रद्धा आणि आज्ञापालन हे दोन मोठे शब्द त्या एका वाक्यात एकत्र आले होते. खोटे बोलू नये हे ऐकलेले सर्वांनीच असते. ताडपत्रीखाली राहण्याची तयारी ठेवून ते पाळणे, म्हणजे खडक.

आमच्या कोर्लई गावाचा इतिहासही याच प्रश्नाशी येऊन भिडतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कुंडलिकेच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौलला आपला कोट उभारण्यास प्रारंभ केला. १५९४ मध्ये त्यांनी निजामशाहीकडून हा डोंगरही जिंकून घेतला. खडकावरची बांधणी याहून भक्कम ती कोणती असणार? तरी १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती गेली आणि पोर्तुगीज सत्ता येथून उठली. आज किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराला छप्पर नाही. रेवदंड्याच्या कोटात सातखणी मनोऱ्याभोवती झाडे वाढली आहेत.

पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी ज्यांच्याजवळ तट नव्हते, तोफा नव्हत्या, असे थोडे गरीब ख्रिस्ती लोक मागे राहिले. तेच आमचे पूर्वज. त्यांची बोली पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली. तिला आम्ही 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, असे म्हणतो. जगात ही बोली बोलणारी माणसे सुमारे हजारभर. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. साळावचा पूल होईपर्यंत खाडी होडीनेच ओलांडावी लागे. त्या एकांतात बोली टिकली, असे अभ्यासक सांगतात. ते खरेच आहे. पण नुसत्या खाडीने माणसे एकत्र बांधली जात नाहीत. चर्च, जपमाळ, सण आणि मर्तिक यांनी ती बांधली गेली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. हा धर्म आमच्या पूर्वजांकडे कसा आला, हा इतिहास सगळाच गोड नाही. पोर्तुगीज राजवटीत सत्तेचा धाक होता, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, आणि धर्मांतर केलेल्या गरिबांत किती जण मनाने आले व किती नाइलाजाने, हे आज कोणी सांगू शकणार नाही. इतिहासाच्या तासाला हा विषय निघाला की वर्गातल्या नजरा माझ्याकडे वळतात. मी मान खाली घालत नाही. माझे म्हणणे एवढेच, की १७४० नंतर धाक घालणारे निघून गेले होते. ख्रिस्ती राहण्यात कसलाही लाभ उरला नव्हता. तरीही ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राहिली. जे कदाचित भीतीने हाती आले होते, ते त्यांनी आपखुशीने धरून ठेवले. मिळालेला वारसा आपला कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

'आज्ञापालन' हा शब्द मात्र आमच्या वयाला रुचत नाही, मुलींना तर नाहीच. वडीलधाऱ्यांनी सांगावे, मुलीने मान डोलवावी, यालाच पुष्कळ घरांत आज्ञापालन म्हणतात. या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र मला फार उपयोगी पडले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चमधली अधिकारी मंडळी सांगतील ते प्रश्न न विचारता मानावे, ही अपेक्षा त्यांनी साफ नाकारली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद स्पष्ट दिसतो. रमाबाई उद्धट होत्या काय? मला तसे वाटत नाही. देवाची आज्ञा मानायची म्हणूनच माणसांची प्रत्येक आज्ञा मानता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणाचीच नव्हती. आणि जे त्यांनी केले ते आज्ञापालनच होते.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पतीच्या मागे लगेच गेल्या नाहीत. काही वर्षे दूर राहिल्या, झगडल्या, आणि १९०० मध्ये स्वतःला पटल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या चार-पाच वर्षांचे दुःख विसरता येत नाही. पतीने सांगितले म्हणून लगेच मान डोलावली असती, तर ते घर वाळूवरचे झाले असते.

गवंड्याच्या हातात ओळंबा असतो. दोरीला बांधलेले ते वजन भिंतीवर जबरदस्ती करीत नाही, की तिची खुशामतही करीत नाही. भिंत वाकडी असेल तर ते नुसते दाखवून देते. सरळ करायची की नाही, हे गवंड्याने ठरवायचे. माझ्या दृष्टीने देवाच्या आज्ञेचे स्थान असे आहे. चार लोक म्हणतात म्हणून ओळंबा बदलत नाही. आणि बाबांचा हात थरथरला तरी दोरी थोड्या वेळाने पुन्हा सरळ होऊन थांबते.

माझे काही मित्र म्हणतील, यात ख्रिस्ती असे विशेष काय? आपल्या संतांनीही बोलणे आणि वागणे यांत अंतर ठेवू नका, असेच सांगितले आहे. मला याचा आनंदच वाटतो. माझ्या शेजारच्या कोळीवाड्यातील आजी नारळी पौर्णिमेला दर्याची मनोभावे पूजा करते आणि उसने घेतलेले तांदूळ मापाला चिमूटभर जास्त घालून परत करते. तिचे घर कशावर उभे आहे, हे ठरवणारी मी कोण? मी फक्त माझ्या घराच्या पायाबद्दल बोलू शकते.

तो पायाही अद्याप खणायचा आहे. घरात मी पहिलीच महाविद्यालयात आलेली. 'नो लिंग' माझ्या तोंडी आजीइतकी सहज येत नाही. माझ्या मुलांच्या तोंडी ती येईल की नाही, कोण जाणे. चर्चमधली प्रार्थना आज मराठीत होते आणि मला ती मराठीतच जवळची वाटते. पदवी मिळाली की मुंबईला जावे लागेल, तेथे कोर्लई कोठे आहे हे सांगण्यातच पहिले पाच मिनिटे जातील. डोंगर, खाडी, बोली यांतले काहीच मला बरोबर नेता येणार नाही. बरोबर नेता येईल ती फक्त एक सवय: ऐकलेले पाळण्याची, आणि त्याची जी किंमत पडेल ती मोजण्याची. वादळ तेथेही येणारच. त्या वेळी कोणीतरी भिंत पाडून ठेवण्याचा सल्ला देईल. तेव्हा मी काय उत्तर देते, त्यावरून माझे घर कशावर बांधले गेले आहे ते मला कळेल.