निळी किरणं आणि आमच्या अत्ती

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिचं बारसं दोनदा होतं. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर गोकाकजवळच्या खेड्यातलं, कन्नड. फ्रिजला माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, शेवटपर्यंत ‘तंगळ पेट्टिगी’ म्हणत. शिळ्याची पेटी! एका शब्दात फ्रिजवरचा सगळा अभिप्राय आला. २०१२ च्या दिवाळीत धाकटे दीर बेंगळूरहून एक काळी चपटी पेटी घेऊन आले, तिच्या पुढच्या बाजूला एक बारीक निळा दिवा होता. खोक्यावर नाव होतं ‘ब्ल्यू-रे प्लेअर’. अत्तींनी तिचं नाव ठेवलं ‘नीली डब्बी’, आणि तेच टिकलं.

दिरांना अशा गोष्टींचं वेड. ‘‘वैनी, यात सिनेमा बघितला की मग बाकी काही बघवणार नाही,’’ म्हणाले आणि खोकं उघडून बसले. आत यंत्र होतं, रिमोट होता, आणि पिवळी-पांढरी-लाल टोकं असलेली जुनी वायर. एचडीएमआय केबल नव्हतीच, ती वेगळी घ्यायची. पिवळ्या वायरीतून जुन्याच दर्जाचं चित्र येतं, मग नव्या यंत्राचा उपयोग काय? खडेबाजारात गेलो तर एका दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली केबल पुढे केली, किंमत ऐकून मी मागे सरले. दिरांनी साधी उचलली. ते म्हणाले ते खरंच आहे. या केबलमधून आकडे जातात, एक नि शून्य. चार-पाच फुटांच्या अंतरात आकडे एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत. सोन्यातून गेले म्हणून त्यांना तेज चढत नाही.

यंत्र जोडल्यावर त्यांनी टीव्हीतली ‘व्हिव्हिड’ सेटिंग काढून ‘सिनेमा’ लावली. दुकानात झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून ते भडक रंग भरलेले असतात, घरात त्यांनी माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे दिसतात. आमचा टीव्ही चाळीस इंची होता. एवढ्या पडद्याचा बारीक तपशील डोळ्यांत भरायला पाच-सहा फुटांवर बसावं लागतं. आमचा हॉलच एवढा लहान की ती अट आपोआप पुरी झाली. लहान घराचा असाही एक फायदा!

आता हे ‘एचडी’ म्हणजे काय, हे अत्तींना सांगायची वेळ आली तेव्हा माझी इतिहासातली एम. ए. काही कामाला आली नाही. रांगोळी आली. टीव्हीवरचं चित्र ठिपक्यांचं असतं, अत्तींच्या चुक्की-रंगोलीसारखंच. भाड्याने आणायचो त्या व्हीसीडीच्या चित्रात साधारण एक लाख ठिपके, डीव्हीडीत चार लाख, आणि या नव्या तबकडीत वीस लाखांच्या वर. अंगण तेवढंच, ठिपके वीसपट. अत्तींनी विचारलं, ‘‘इष्ट चुक्की यार हाकतार?’’ इतके ठिपके घालतं कोण? तर ते काम प्रकाशाचं. डीव्हीडी वाचते लाल लेसर, तिची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. ब्ल्यू-रेची निळी-जांभळी किरणं ४०५ ची. जाड टाकाऐवजी बारीक टाक घेतल्यावर त्याच पाटीवर जास्त मजकूर बसावा तसं. तबकडीचा आकार तोच; डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, हिच्या एका थरात २५. निळा प्रकाश देणारा दिवा बनवणं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं जमत नव्हतं. तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, तेव्हा मी वर्तमानपत्रातली बातमी अत्तींना वाचून दाखवली होती. ‘‘नम्म डब्बीवरु?’’ त्यांनी विचारलं. हो, आपल्या डबीवालेच.

खरं तर त्या वेळी घरात डबीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती, आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. सासरे गेल्यावर २०११ मध्ये अत्ती गाव सोडून आमच्याकडे बेळगावात आल्या. ह्यांची बँकेतली नोकरी विजापूरला, घरी येणार शनिवारी रात्री. मी दिवसभर कॉलेजात. लेक आठ वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, माझ्याशी मराठी बोलणारी. माझ्या आईला ती ‘आजी’ म्हणे आणि अत्तींना ‘अज्जी’. एका ‘ज’चा फरक, पण त्या फरकापलीकडे तिला कन्नड फारसं येत नव्हतं. ‘ऊटा आत?’ आणि ‘हू’, एवढ्यावर दोघींचा दिवस जाई. संध्याकाळी टीव्हीवर मराठी मालिका लागल्या की अत्ती उठून मागच्या खोलीत जात आणि वाती वळत बसत. इतक्या वाती आमच्या देवाला वर्षभर पुरल्या असत्या. मला ते दिसत होतं. सीमेवरच्या आपल्या कितीतरी घरांत अशी एक मागची खोली असते, वाचकांना ठाऊक असेल.

दिरांनी यंत्राबरोबर दोन तबकड्या दिल्या होत्या. एक बीबीसीची ‘प्लॅनेट अर्थ’, २००६ ची, अकरा भागांची. निवेदन डेव्हिड ॲटनबरोंचं. दुसरी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, १९६२ चा डेव्हिड लीनचा सिनेमा. पहिल्या रविवारी ‘प्लॅनेट अर्थ’ लावली. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा आला. उंची ९७९ मीटर. पाणी खाली पोचेपर्यंत त्याचं धुकंच होऊन जातं. अत्ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घटप्रभेच्या काठावर जन्म गेलेली बाई. गोकाकचा धबधबा म्हणजे त्यांच्या मते जगातलं शेवटचं पाणी. तो ५२ मीटरचा. त्यांनी नातीला विचारलं, हे कुठलं, आणि हे पाणी खाली का पडत नाही?

मी स्वयंपाकघरात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. मग तिने रिमोटवरचं पॉज दाबलं, चित्र थांबवलं, आणि पडद्याखालच्या इंग्रजी ओळीचं कन्नड करायला लागली. ‘धुकं’ला शब्द अडला. अत्तींनी ‘मंजु’ दिला. मग पुढची ओळ. पन्नास मिनिटांचा भाग संपायला दोन तास लागले. शेवटी अत्तींचा निकाल: उंच आहे खरा, पण आमच्या गोकाकला आवाज आहे.

पुढे ही रीतच झाली. अत्तींनी ‘निंदरसु’ म्हणायचं, लेकीने पॉज दाबायचं, दोघींनी मिळून त्या जागेचा निकाल लावायचा, मग पुढे जायचं. चित्र स्पष्ट होतं म्हणून थांबवण्यात अर्थ होता, हेही खरं. व्हीसीडी थांबवली की पडद्यावर नुसते चौकोन उरायचे. इथे हिमालय ओलांडणाऱ्या करकोच्यांचं पीस न् पीस दिसे.

अडचणी नव्हत्या असं नाही. तबकडी घातली की डबी मिनिटभर नुसती विचार करत बसे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. नवी तबकडी चालेना, तर इंटरनेटवरून काहीतरी उतरवून पेनड्राइव्हने तिच्या पोटात घालावं लागे. ते काम कॉलेजातले विद्यार्थी हसत करून देत. आणि त्या विभागांचा जाच! जगाचे ए, बी, सी असे तीन भाग केलेले, आपण ‘सी’त. पुढे एका सहकाऱ्याच्या भावाने अमेरिकेहून सत्यजित रायांच्या अपू-चित्रत्रयीचा संच आणला. १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळलेल्या मूळ निगेटिव्ह महत्प्रयासाने दुरुस्त करून २०१५ मध्ये ती चित्रं पुन्हा लोकांपुढे आली. जळालेली फिल्म वाचली, पण तो ‘ए’ विभागाचा संच बंगालपासून दोन हजार किलोमीटरवरच्या आमच्या डबीत चालेना. व्यापाऱ्यांनी आखलेल्या या सीमेपुढे आपली सीमा बरी म्हणायची.

‘लॉरेन्स’ मात्र चालला. साडेतीन तासांहून मोठा सिनेमा, म्हणून दर रविवारी पाऊण तास असा हप्ता ठरवला. पहिलीच तक्रार वर-खालच्या काळ्या पट्ट्यांची. टीव्हीचे पैसे पुरे दिले आणि सिनेमा मधल्याच भागात का? हा ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर काढलेला सिनेमा आहे, पट्ट्या काढल्या तर कडेची माणसं कापली जातील, असं लेकीने समजावलं. ‘‘मनश्यार हादर इरली,’’ माणसं जात असतील तर पट्ट्या असू देत, असं म्हणून अत्तींनी पट्ट्यांना अभय दिलं.

त्यातला विहिरीचा प्रसंग कुणी विसरणार नाही. वाळवंट, वर आभाळ, दोघांच्या मध्ये थरथरणारं मृगजळ, आणि त्यात एक ठिपका. तो वाढत जातो, उंट होतो, उंटावर काळ्या कपड्यातला ओमर शरीफ होतो. धारवाडला एम. ए. करताना मी हा सिनेमा हॉस्टेलवर व्हीसीडीवर पाहिला होता. तेव्हा बराच वेळ पडद्यावर काहीच घडत नाही असं वाटलं होतं. तो ठिपका त्या एक लाखांत मावलाच नव्हता. आता लेक आणि अत्ती पैज लावून बघत. ‘‘बंद नोड, बंद!’’ पहिल्यांदा लेकीला दिसला, अत्तींना बऱ्याच उशिरा. त्यावरून मला अत्तींच्या डोळ्यांची शंका आली. हुबळीला दाखवलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. २०१३ च्या उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

महिन्याभराने पुन्हा ‘लॉरेन्स’ लावला तर अत्ती म्हणाल्या, टीव्हीचा रंग कुणी वाढवला? कुणीच नाही. मग त्यांनी एक गंमत केली. डाव्या हाताने डावा डोळा झाकला, बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. पुन्हा डावा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला वाळवंटावरचं आभाळ निळंशार दिसत होतं, दुसऱ्या डोळ्याला मळकट पिवळसर. डॉक्टरांनी सांगितलं, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंगच अडवतं; भिंग बदललं की तो परत येतो. इतकी वर्षं हळूहळू गेलेला रंग, जाताना कळला नव्हता. त्यानंतर अत्तींनी घरातलं काय काय एक डोळा झाकून तपासलं! माझी एक साडी वर्षभर करडी समजत होत्या, ती निळी निघाली. लेकही तिच्या धडधाकट डोळ्यांनी तसंच करत हिंडू लागली.

या सिनेमात बोलणारी बाई एकही नाही, हे अत्तींनी दुसऱ्याच रविवारी पकडलं. ‘‘हेण्मक्कळ ऑब्बरू इल्ल?’’ पण एक आपला माणूस आहे, असं मी सांगितलं: गासिमचं काम करणारा आय. एस. जोहर, आपल्या हिंदी सिनेमातला. झालं, तेव्हापासून गासिम ‘नम्मव’ झाला. रात्री वाळवंट ओलांडताना हा गासिम उंटावरून पडतो, मागे राहतो. सगळे म्हणतात, तो मेला, सोडून द्या. लॉरेन्स एकटा उलटा फिरतो आणि त्याला घेऊन येतो. पुन्हा तेच, क्षितिजावर ठिपका. या वेळी अत्तींना आधी दिसला. त्या रविवारचा हप्ता तिथे संपला.

आठवड्यात भाजी निवडता निवडता त्यांनी मला विचारलं, त्याचं पुढे काय होतं? मी सांगितलं. पुढे टोळ्यांमध्ये खून होतो, खुनी हाच निघतो, आणि भांडण वाढू नये म्हणून ज्याने वाचवलं त्याच लॉरेन्सला त्याला गोळी घालावी लागते. अत्ती गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘हंगादर अल्लिगे साकु.’’ मग तिथपर्यंतच पुरे. पुढच्या रविवारी त्यांनी नातीला सांगून टाकलं की सिनेमा संपला. त्यानंतर आमच्या घरात ‘लॉरेन्स’ कितीदा लागला असेल, पण गासिम परत आला, पाणी प्यायला, की डबी बंद.

अत्ती २०१९ मध्ये गेल्या. डबी अजून आहे. मध्यंतरी तिचा ट्रे उघडेना. एकाने सांगितलं, फेकून द्या; दुसऱ्याने आतला रबरी पट्टा बदलून दिला. आता तबकड्या मिळणं कठीण झालंय. आपण भरून घ्यायच्या कोऱ्या ब्ल्यू-रे तर सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बनवायच्या थांबवल्या. लेक बेंगळूरला शिकते. तिच्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नाही. तिचं कन्नड ऐकून मैत्रिणी विचारतात, तू कुठली, गोकाकची का? रिक्षावाल्याला ती अजून ‘निंदरसु’ म्हणते.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर लॅपटॉपवर ‘लॉरेन्स’ बघत होती, पहिल्यांदाच पुढे.

‘‘आई, अगं गासिमला मारतात.’’

‘‘हो.’’

‘‘तोच मारतो. अज्जीला माहीत होतं?’’

‘‘होतं,’’ मी म्हटलं.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मागे सिनेमाचा आवाज येत होता, तो बंद झाला. पॉज दाबलं असावं.