गळका डबा

मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरातून रिकामा डबा मागून आणणं अवघड असतं. ‘टाकाऊतून टिकाऊ’साठी घरून डबे आणा, असं वर्गात सांगायला काय जातं! घरात टाकाऊ असं काही सापडायला तर हवं. तेल संपलं की पाच लिटरच्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी भरलं जातं. श्रीखंडाच्या डब्यात येसर जातो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया, दोरे, बटणं. पंधरा किलो तेलाच्या डब्यात वर्षाची तुरीची डाळ. लेकरू मागायला गेलं की आई म्हणते, “ने, पण झाकण इथंच ठेव. ते दुसऱ्या डब्याला बसतंय.”

लातूर-नांदेडच्या मुलांबरोबर मी हस्तकलेचं काम करते. त्यातलं बरंचसं नवरात्र ते दिवाळी या दिवसांतलं. या आयांच्या चिवटपणाचं मला कधी नवल वाटलं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातुरात आली. गल्लीत टँकर आला की पाणी धरू शकेल असं घरातलं प्रत्येक भांडं रांगेत लागायचं: घागरी, बादल्या, ड्रम, तेलाचे कॅन, शाळेच्या बाटल्यासुद्धा. ते दिवस काढलेल्या घरातला धड कॅन कापून त्याचा पेनस्टँड करणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

म्हणून माझ्याकडे नियम एकच: धड भांड्याला हात लावायचा नाही. आणायचा तो गळका कॅन, तडा गेलेला डबा, बुडाशी गंजलेला टिन. आधी यामागे नुसती काटकसर होती. काम करता करता लक्षात आलं की करायची वस्तूही या नियमातूनच ठरते. डबा गळतो म्हणून स्वयंपाकघराने त्याला काढून टाकलं. मग गळण्याचाच जिथे उपयोग आहे, असं काम त्याला द्यावं. त्यातून उजेड गळू द्यावा, नाहीतर थेंब थेंब पाणी.

शरदातला आपला सगळ्यात मोठा सण तरी दुसरं काय सांगतो? घटस्थापनेला वावरातली काळी माती आणून पसरतात, तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाला झिलई नसते. त्याच्या अंगातून पाणी पाझरत राहतं आणि त्या ओलीवर नऊ दिवसांत धान वर येतं. माहूरच्या रेणुकेच्या डोंगराखालच्या घरांत काय किंवा लातूरच्या फ्लॅटमध्ये काय, रीत तीच. मुलांना मी शेजारी शेजारी दोन परड्या करायला लावते, एकीत मातीचा घट, दुसरीत स्टीलचा तांब्या. तांब्यातलं पाणी काठोकाठ तसंच राहतं आणि त्याच्या भोवतीची माती कोरडी पडते. पाणी एक थेंबही न सांडणारं भांडं इथे कुचकामी ठरतं, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. मग गळका डबा पुढे केला तर कुणी नाक मुरडत नाही.

राहिला नक्षीचा प्रश्न. हस्तकलेच्या इंग्रजी पुस्तकांत शरद म्हणजे मेपलची लाल-केशरी पानं आणि भोपळे. आपला लिंब आणि पिंपळ पानं टाकतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. आश्विनातली पानगळ पाहायची तर सोयाबीनच्या वावरात जायला हवं. शेंगा पिकत आल्या की पानं पिवळी पडून गळून जातात, उभ्या काड्यांवर नुसत्या शेंगा उरतात आणि वाळल्यावर वाऱ्याने खुळखुळतात. मुलांना मी तिथे नेते. शेंगेतल्या दोन-तीन दाण्यांचे उंचवटे, एका देठावरची तीन पानं, बांधावर आपटा असलाच तर त्याचं दुभंगलेलं पान, एवढ्यावर साऱ्या वर्गाची नक्षी निघते. रास करायची घाई असलेल्या शेतकऱ्याला मध्ये मध्ये येणारी पोरं नको असतात, म्हणून बांधावरूनच पाहायचं.

पत्र्याच्या डब्याचं काम सुरू होतं धुण्यापासून. तेलकट अंगावर ना खडू उमटतो ना रंग. कोरडी राख चोळली की ती तेल ओढून घेते, नंतर धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी. रिकाम्या टिनला खिळा मारला तर पत्रा चेपतो; त्याला आतून आधार लागतो. परदेशात यासाठी डब्यात पाणी गोठवतात. आम्ही ओली काळी माती ठासून भरतो. वरून खडूने शेंगा काढायच्या आणि रेघेवर खिळ्याने टिंबं मारत जायचं. दोन टिंबांत बोटभर अंतर हवं, नाहीतर छिद्रं एकमेकांना मिळून पत्रा फाटतो. मोठी मुलं हातोडी चालवतात, लहानांनी खडू धरायचा. नंतर डबा ऑक्टोबरच्या उन्हात ठेवून द्यायचा. काळी माती वाळली की आकसते आणि डब्याच्या भिंतीपासून सुटते. उलटा करून थोपटला की तिचा गठ्ठा खाली येतो. पावसाळ्यानंतर ज्या गुणामुळे रानाला भेगा पडतात, तो इथे कामाला येतो. छिद्रांच्या आतल्या बाजूला धारदार कडा राहतात, त्या कानशीने घासायचं काम मोठ्यांचं.

मुलांना आवरावं लागतं ते छिद्रांच्या बाबतीत. हातोडी हातात आली की सगळा डबा चाळण करून टाकावासा वाटतो. तेव्हा खोलीत अंधार करून एकच डबा लावून दाखवावा. भिंतीवर शेंग दिसते ती तिच्याभोवतीचा पत्रा कोरा असतो म्हणून. कुठे ठोकायचं नाही हे ज्या मुलाला उमगलं, त्याला नक्षी कळली.

प्लॅस्टिकची तऱ्हा वेगळी. भांड्याच्या बुडावरच्या त्रिकोणातला आकडा मुलांना वाचायला शिकवते: पाण्याच्या बाटलीवर 1, दुधी रंगाच्या कॅनवर बहुधा 2, झाकणाच्या डब्यांवर पुष्कळदा 5. 2 आणि 5 वर फेव्हिकॉल लावून काही उपयोग नाही, वाळल्यावर तो सालासारखा सोलून निघतो. म्हणून चिकटवण्याऐवजी शिवायचं. दाभणाने भोकं पाडून द्यावीत. मुलं सुतळी ओवतात, जुन्या साडीच्या काठाच्या झिरमिळ्या बांधतात. आत एलईडीचा छोटा दिवा. प्लॅस्टिकच्या कंदिलात पणती ठेवू नये, हे पालकांनाही सांगावं लागतं.

नांदेडच्या मुलांच्या हातून घागर फार सहज उतरते. सचखंड गुरुद्वाऱ्यात दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं आणि भाविक गोदावरीचं पाणी घागरींनी आणतात, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. एका मुलीने टिनच्या चारी बाजूंना घागरींची रांग ठोकली होती आणि प्रत्येकीच्या तोंडाशी मुद्दाम मोठं छिद्र ठेवलं होतं. “पाणी सांडतंय का गं?” मी विचारलं. “नाही ताई, उजेड,” ती म्हणाली.

कचऱ्यातून खेळणी म्हटलं की अरविंद गुप्तांचं नाव येतंच. 1972 मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते सहभागी झाले होते. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांच्यापासून त्यांनी भूमिती उभी केली. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली: वस्तू काय करू शकते ते आधी पाहायचं, सजवायचं नंतर. प्रदर्शनांत नेमकं उलटं दिसतं. बाटलीला चमकी, मणी, गोंद, सोनेरी रंग, आणि दिवाळी संपली की ती कचऱ्याच्या गाडीत.

तिथेच माझा या ‘टिकाऊ’शी वाद आहे. साधा टिन भंगारवाला वजनावर घेतो, स्वच्छ कॅनही घेतो. चमकी चिकटलेला डबा मात्र बाजूला सारतो. आपल्या कलाकुसरीने डब्याची ती वाट बंद होणार असेल, तर त्यापेक्षा तो डबा तसाच भंगारात गेलेला बरा. म्हणून आमच्या कामात चमकी नाही, गोंद नाही. दिवाळीनंतर मुलं झिरमिळ्या सोडतात, सुतळी गुंडाळून ठेवतात. ज्या कॅनची भोकं बुचाजवळ आहेत तो नव्या रोपाशी उलटा पुरायचा, म्हणजे मुळाशी पाणी झिरपत राहतं. बाकीचे कॅन आणि टिन भंगारवाल्याच्या गाड्यावर. त्याने दिलेले पैसे मुलं आपसांत वाटून घेतात, आणि हिशेबावरून भांडण होतं. ते मी त्यांचं त्यांनाच मिटवू देते.