वाघाचं तिकीट आणि विडीचं लेबल

मैत्रिणींनो, ताडोब्याला जायचं ठरलं की आपली तयारी काय? चिवडा, टोप्या, दुर्बीण. यंदा पोरांचा तिकिटांचा आल्बमही बरोबर घ्या. चांदा-गडचिरोलीचा मुलूख त्यात छान बसतो, आणि नुसत्या तिकिटांतून नव्हे!

विलायतेत सिगारेटच्या पाकिटात चित्रांची कार्डं निघत. मऊ पाकीट चेपू नये म्हणून घातलेला तो पुठ्ठा. पोरं तो तिकिटांसारखाच जमवायची. महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा १९४० साली ती प्रथा थांबली. आपल्याकडे तिची भावंडं म्हणजे काडेपेटीचे छाप आणि विडीच्या बंडलावरची लेबलं. देव, घोडा, कंदील, नाहीतर मधोमध गोलात फेटेवाले मालक! आता ती दुर्मीळच. २००९ पासून पाकिटावर धोक्याचं चित्र आलं, २०१६ पासून त्यानं ८५ टक्के जागा घेतली. झालं ते बरंच झालं म्हणा, विडीनं घरं बसवलीत. पण जुना छाप दिसला तर केरात टाकू नका.

चंद्रपुरात मिळेल कुठे? रद्दीवाल्याकडे आणि जुन्या किराणा दुकानांत विचारा. पोस्टकार्डंही चाळा. शिक्का 'चांदा' असेल तर कार्ड जुनं समजा. पत्त्यात 'गडचिरोली, जि. चांदा' किंवा 'जि. चंद्रपूर' असेल तर ते बहुधा १९८२ च्या आधीचं, कारण त्या वर्षी २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. वीर बाबूराव शेडमाके यांचं तिकीट मिळालं तर घ्याच. १८५८ साली इंग्रजांनी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

लेबल काढताना घाई नको. स्वस्त छपाईचा रंग पाण्यात पसरतो; आधी कोपरा ओलवून बघावा. रंग टिकला तरच कोमट पाण्यात ठेवा, मग टीपकागदात दाबून सावलीत वाळवा. डिंक थेट लावू नका, तिकिटाचे हिंज वापरा. तंबाखूचा वास आठवडाभर वाऱ्यावर ठेवल्यानं बराच कमी होतो.

पण लेबलाच्या आतली विडी ज्या पानात वळतात, ते तेंदूचं पान इथलंच. एप्रिल-मेच्या उन्हात बायका पहाटेच जंगलात शिरतात, दुपारी घरी पानं जुळवतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. संध्याकाळी पुडे फडावर मोजून द्यायचे, हाती पडेल ती मजुरी. गडचिरोलीत आता अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतःच करतात, हे चांगलंच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या ३ बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. लेबलावर मालकाचा फोटो असतो, त्यांचा कुठे असतो?

व्याघ्र प्रकल्पाला १० वर्षं झाली तेव्हा, १९८३ साली, वाघाचं तिकीट निघालं. ते आल्बमच्या डाव्या पानावर लावा, उजवीकडे विडीचं लेबल, आणि त्याखाली वाळलेलं एक तेंदूचं पान. पान अभयारण्यातून तोडायचं नाही हं. गावात फड लागलेला असेल तिथे मागा, एखादं देतील. टाचणी टोचू नका, गंज धरते. पातळ कागदाच्या पाकिटात ठेवा.