पंक्तीचा नियम

मोटारसायकल म्हटली कीं, कचेरीस जाण्यास, बाजारहाट करण्यास, किंवा फार झालें तर लोणावळ्यापर्यंत जाऊन येण्यास उपयोगी पडणारें वाहन, एवढीच कल्पना आमच्या पिढीच्या बहुतेक गृहस्थांची असते. आमचीहि तीच होती. परंतु नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांतील ॲडिलेड शहरीं वास्तव्य घडलें, तेथें समवयस्क स्नेह्यांचा मेळा जमला, आणि पन्नाशी उलटल्यावर वाळवंटांतून मोटारसायकल हांकण्याची हौस आम्हांस उपजली. त्या प्रवासांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगावी, म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

२०१८ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही सहाजण दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मरी या गांवाहून निघालों. तेथून ऊडनडाटावरून मार्लापर्यंत सुमारें ६२० किलोमीटर लांबीचा कच्चा रस्ता जातो. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. उन्हाळ्यांत या वाटेस जाणें शहाण्याचें काम नव्हे. ऊडनडाटा येथें २ जानेवारी १९६० रोजीं ५०.७ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झालेली आहे.

अशा ओसाड मुलखांत रस्ता झालाच कसा, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर पाणी. भूगर्भांतील विस्तीर्ण साठ्याचें पाणी येथें ठिकठिकाणीं झऱ्यांच्या रूपानें वर येतें. मूळचे अरबाना लोक याच झऱ्यांच्या आधारानें वावरत. पुढें १८७२ मध्यें पुरी झालेली तारायंत्राची ओळ आणि तिच्यामागून आलेली आगगाडी, यांनींहि झऱ्यांचीच वाट धरली. आगगाडी १९८० मध्यें बंद पडली. आतां पडकीं स्टेशनें मात्र उरलीं आहेत. मरी हें तर उंटवाल्यांचें गांव. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. पण त्यांत बलुची होते, पंजाबीहि होते. १८६० मध्यें चोवीस उंट कराचीहून जहाजानें मेलबर्नला आले, तेव्हां कराची आपल्या मुंबई इलाख्यांतच मोडत होती! हें वाचून त्या परक्या धुळीविषयीं आम्हांस उगाच आपलेपणा वाटूं लागला.

धूळ मात्र कोणाचीच भीड धरीत नाहीं. कांहीं ठिकाणीं ती मैद्यासारखी मऊ असते आणि तिच्याखालीं खड्डा दडलेला असतो. कोठें लाल गोटे पसरलेले, तर कोठें सबंध रस्ताच पन्हळी पत्र्यासारखा. टायरांतील हवा थोडी कमी करून, बैठक सोडून, पायांवर उभें राहून गाडी हांकावी लागते. वाळू लागली कीं नवशिका घाबरून वेग तोडतो आणि आडवा होतो. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत आम्ही तीन वेळां भूमातेस साष्टांग नमस्कार घातला होता.

पुढच्या गाडीची धूळ डोळ्यांत जाऊं नये म्हणून दोन गाड्यांत बरेंच अंतर ठेवतात. त्यामुळें कोणीच कोणास दिसत नाहीं. यासाठीं आमच्या म्होरक्यांनीं एक नियम घालून दिला होता. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियन, वयानें साठीच्या पुढचे. वाट फुटेल तेथें त्यांच्या लगोलग मागें असलेल्यानें थांबावें, येणाऱ्या प्रत्येकास दिशा दाखवावी, आणि शेवटचा गडी डोळ्यांनीं दिसेपर्यंत जागा सोडूं नये. शेवटची जागा एकाचीच, ती बदलायची नाहीं. ती आमच्या डॉक्टर स्नेह्यांकडे होती. डॉक्टर सावकाश चालवीत, पण पडत नसत.

दुपारीं कॉवर्ड स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यांत अंगें शेकून आम्ही पुढें निघालों. मुक्काम विल्यम क्रीक येथें होता. गांवाच्या थोडें अलीकडे उजव्या हातास एक वाट फुटते. ती साठांहून अधिक किलोमीटर निर्मनुष्य मुलखांतून आयर सरोवराच्या कांठीं जाते आणि तेथेंच संपते. त्या वेळीं म्होरक्यांच्या पाठोपाठ प्रस्तुत लेखक होता. त्यांनीं आम्हांस फाट्यावर उभें केलें व ते निघून गेले.

एकामागून एक तीन गाड्या गेल्या. डॉक्टर येईनात. माशा तोंडावर बसत होत्या, सूर्य खालीं कलला होता, आणि जवळच्या गांवांत चहा होता. मनानें वकिली आरंभिली: मुख्य रस्ता एवढा रुंद, पाटीहि ठळक, डॉक्टर सुशिक्षित, येथें चुकेल कोण? अर्धा तास कसाबसा काढून आम्ही निघालों.

विल्यम क्रीकला म्होरक्यांनीं माणसें मोजलीं. पांच भरलीं. त्यांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, “तुम्ही त्यांना पाहिलेंत काय?”

त्या प्रश्नास उत्तर नव्हतें.

आम्ही दोघे मागें फिरलों. फाट्यावर पोंचेपर्यंत अंधार झाला. दिव्याच्या उजेडांत म्होरक्यांनीं वांकून पाहिलें. मोटारसायकलच्या चाकाची एकच ताजी रेघ सरोवराच्या वाटेवर वळली होती. ती पाहून आमच्या पोटांत खड्डा पडला. याच वाटेवर १९९८ च्या डिसेंबरांत, वाहन वाळूंत रुतल्यामुळें पायीं निघालेली एक परदेशी प्रवासिनी तहानेनें मरण पावली होती. वाहनापाशीं परतलेला तिचा सोबती मात्र वांचला.

वीस-बावीस किलोमीटरांवर आमच्या दिव्यांत कांहीं चमकलें. पुढचें चाक फुटून गाडी आडवी पडली होती, आणि डॉक्टर तिला टेकून बसले होते. घोटा मुरगळला होता. थंडीनें दांत वाजत होते. पण गाडीपासून ते एक पाऊलहि हलले नव्हते. म्हणाले, “ऊन डोळ्यांवर होतें. पुढें एका मोटारीची धूळ दिसली, ती आपलीच समजून मागोमाग आलों. फाट्यावर कोणी दिसलें नाहीं, तेव्हां फाटा अजून पुढें असेल असें वाटलें.” त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. “चहा मिळेल ना हो तिकडे?” एवढेंच विचारलें. शिव्या दिल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. बर्क व विल्स यांची हकीकत राहून राहून आठवूं लागली. कराचीचे ते उंट त्यांच्याच मोहिमेसाठीं आणलेले. कूपर क्रीकच्या तळावर त्यांचीं माणसें चार महिन्यांहून अधिक काळ वाट पाहत राहिलीं, आणि अखेर २१ एप्रिल १८६१ रोजीं सकाळीं निघून गेलीं. त्याच दिवशीं सायंकाळीं बर्क, विल्स व किंग खंगलेल्या स्थितींत तेथें पोंचले! पैकीं पहिले दोघे मेले. किंग तेथील मूळ रहिवाश्यांनीं अन्न दिल्यामुळें जगला. तळ सोडणाऱ्यांना निदान सांगण्यास कारण होतें: सांगितलेली मुदत उलटली होती, आणि माणसें आजारी होतीं. आम्हांस केवळ चहाची तलफ होती.

मग आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या लहानपणीं घरीं पंक्ति बसे. आमचें जेवण झटपट उरके आणि पाय शिवशिवत. तेव्हां आजी वाढतां वाढतां दरडावी, “बस खालीं! शेवटच्याचा ताकभात व्हायचाय.” हा केवळ सोंवळ्याओंवळ्यांतला एक आचार आहे, अशी आमची आजवर समजूत होती. सावकाश जेवणाराला आपण मागें राहिलों असें वाटूं नये, हा त्यांतला अर्थ कळण्यास आम्हांस सात समुद्रांपलीकडे जाऊन वाळवंटांत उभें राहावें लागलें!

डॉक्टरांच्या पायासाठीं एक दिवस मुक्काम वाढविला. निघतांना आम्हीं त्यांच्याकडे शेवटची जागा मागून घेतली. पुढच्या चारशें किलोमीटरांत पांचजणांची धूळ खाल्ली. पण प्रत्येक फाट्यावर कोणी ना कोणी आमची वाट पाहत उभें होतें. पहिल्याच फाट्यावर डॉक्टर होते. आम्ही दिसतांच त्यांनीं हात वर केला, आणि मगच गाडी सुरू केली.