काळं कडं

माझ्या टेबलावर एक काळं कडं असतं. वाटीच्या तोंडाएवढं, पण हातात घेतलं की वजन जाणवतं. एका कडेचा टवका उडालाय. ते चुंबक आहे आणि पन्नासेक वर्षं माझ्यासोबत आहे.

काटोलात बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचे. एका वरातीत मोठ्या स्पीकरचा कागद फाटला. तो मोडीत काढण्याआधी बाबांनी त्याला रेडिओची तार जोडली, स्पीकर उताणा ठेवला आणि माझा तळहात त्याच्या कागदावर टेकवला. गाणं सुरू झालं आणि तळहाताला गुदगुल्या झाल्या. मी खो खो हसत सुटलो. मग त्यांनी चिमूटभर ज्वारी त्यावर टाकली. तबल्याच्या प्रत्येक थापेला दाणे टणाटण उडायचे, बासरीला नुसते शहारायचे. बाबा म्हणाले, "पाय, गाणं म्हंजे कागद मागं-पुढं होते, बस." चुंबकाच्या बारीक फटीत तारेचं वेटोळं असतं, विजेच्या प्रवाहाबरोबर ते आत-बाहेर होतं आणि सोबत कागदाला हलवतं, हे मला पुढं पुस्तकात सापडलं. ज्वारीनं ते आधीच दाखवलं होतं. छन्नीनं सोडवलेलं ते चुंबक बाबांनी मला दिलं.

उन्हाळ्यात जाम नदीचं पात्र कोरडं पडलं की आम्ही पोट्टे त्या कड्याला सुतळी बांधून रेतीतून ओढत न्यायचो. वर उचललं की त्याला काळ्या बारीक रेतीच्या मिशा फुटलेल्या असायच्या. आमच्याकडचा काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातलं लोहखनिज झिजून नदीत येतं. ती रेती डबीत भरून घरी आणायची, वहीच्या कागदावर पसरायची, खालून कडं लावायचं आणि कागदाला टिचकी मारायची. रेती उभी राहायची, वर्तुळावर वर्तुळ, मधून बाहेर झेपावणाऱ्या रेघा. आई अंगणातली रांगोळी अर्धी सोडून पाहायला आली होती. "माय वो, ठिपके न देताच?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. इतकी नेमकी नक्षी मी पुढंही फार थोड्या ठिकाणी पाहिली.

गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवत. गर्दी पडद्याच्या दोन्ही अंगांना बसे. बाबांचा स्पीकर पडद्याशेजारी, म्हणून मला दोन्हीकडे मोकळीक होती. मागच्या बाजूनं सगळं उलटं दिसायचं. नावांची अक्षरं पाठमोरी, नायक डाव्या हातानं जेवणारा, डाव्या हातानं ठोसा मारणारा. एकटा अमिताभ मागून उजवा व्हायचा! हे आमच्या ध्यानात आलं त्या रात्री आम्ही पडद्याला वळसे घालून घालून पाहत होतो आणि दर वेळी नव्यानं हसत होतो. नवल वाटलं की मला आधी हसू येतं, प्रश्न मागाहून येतात. ते हसू आलं नसतं तर प्रश्नही पडले नसते, असं मला मनापासून वाटतं.

मग 22 मे 2012. दुपारचे दोन वाजून गेलेले. रखरखत्या उन्हात आभाळ कडाडलं आणि काटोलच्या परिसरात दगड पडले. भूवैज्ञानिक आले, दगड गोळा झाले. त्या अशनीचं नोंदलेलं वजन सुमारे 13 किलो, आणि जगाच्या यादीत तिचं नावच 'काटोल'. एका ओळखीच्यांकडे नखाएवढा तुकडा मला पाहायला मिळाला. वरून तव्याच्या बुडासारखी पातळ काळी साल, मोडलेल्या बाजूला राखाडी. मी कडं घेऊनच गेलो होतो. जवळ नेलं तसा तुकडा ओढला गेल्याचं चिमटीला कळलं. आपला काळा दगडही जरासा ओढला जातो, पण या तुकड्यातलं लोखंड पृथ्वीवरचं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं.

सगळ्यात मोठं हसू मात्र 2021 साली आलं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना या काटोलच्या दगडातल्या बारीक शिरांमध्ये ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीवर सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच. पण ते असतं 660 किलोमीटरच्या खाली, प्रचंड दाबाखाली. माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक जेमतेम 12 किलोमीटरचं. अंतराळात दोन दगड आदळले, त्या धक्क्यानं क्षणभर तसाच दाब आणि तशीच उष्णता निर्माण झाली, दगड वितळला आणि थिजताना त्यात हे खनिज तयार झालं. आमच्या संत्र्याच्या बागांत पाचशे-सातशे फूट बोअर मारतात आणि कित्येकदा नुसता राखाडी फुफाटाच वर येतो. त्याच गावाला जमिनीच्या पोटातली खबर वरून, आभाळातून आली. ती बातमी वाचून मी घरभर हिंडत ज्याला त्याला सांगत सुटलो. बाबा असते तर पहिलं त्यांना सांगितलं असतं.

परवा नात आली होती. जाम नदीच्या रेतीची डबी अजून आहे. तिच्या चित्रकलेच्या कागदावर रेती पसरली, खालून कडं लावलं, टिचकी मारली. रेती उभी राहिली. ती आधी दचकली, मग टाळ्या पिटून हसली. मी काही सांगणार एवढ्यात तिनं कागदाचा कोपरा उचलला आणि मान तिरकी करून खाली डोकावली.

"आबा, इकडून कसं दिसते?"